मागचा डबा

बेलखेड ते मोरडोह या मार्गावर सायकल नेली की माणूस गाडी होतो. रूळ उचलून नेले त्याला अकरा वर्षं झाली. स्लीपर गेले, खडी गेली, त्या जागी लाल मुरमाचा सपाट सायकलमार्ग झाला आणि दोन्ही बाजूंना कडुनिंब लागले. पण मार्ग बंद झाल्याचा आदेश काही कोणी काढला नाही. त्यामुळे त्यावरून जे जातं ती गाडीच, असं तिथे धरतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्ही माहितीपत्रक वाचून गेलो होतो आणि त्यात नुसतं 'निसर्गरम्य' असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद कुंदाताई. कुंदाताई शाळेत पी.टी. शिकवायच्या. आता निवृत्त झाल्या आहेत, पण गळ्यातली शिट्टी अजून गेलेली नाही. मी चित्रकला शिकवते. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या मागे आहे. देवळात त्या पुढे, मी मागे. हळदीकुंकवाला त्या आधी, मग मी. फोटोत त्या खुर्चीत आणि मी खुर्चीच्या पाठीला हात लावून. वाईट वागतात असं मुळीच नाही, उलट जीव लावतात. पण जीव लावतात तोही पुढे उभं राहून. चार दिवस सायकलने जायचं हीसुद्धा त्यांचीच कल्पना. मी फक्त लाडू केले.

बेलखेडच्या स्टेशनवर मास्तरांनी आम्हाला थांबवलं. खिडकीतून त्यांनी आधी कुंदाताईंकडे पाहिलं.

"कुठपर्यंत?"

"मोरडोह," कुंदाताई म्हणाल्या.

"डाउन पॅसेंजर," मास्तर म्हणाले. मग त्यांनी माझी सायकल बघितली. मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्या, एक सतरंजी, थर्मास आणि लाडवांचा स्टीलचा मोठा डबा होता. "तुम्ही मालगाडी."

"मी पण मोरडोहलाच चालले आहे."

"मालगाडी पण तिथंच जाते जी."

मी म्हटलं, आम्ही दोघी बरोबर आहोत, एकाच घरातल्या आहोत. मास्तर म्हणाले, एकाच घरातली पॅसेंजर आणि मालगाडी असू शकते, पण एका वेळी एका लाइनवर असू शकत नाही. पॅसेंजर आधी जाणार. ती पुढच्या स्टेशनात पोचली की मग मालगाडी सुटणार. आणि वाटेत मागून दुसरी पॅसेंजर आली तर मालगाडीने बाजूला उभं राहायचं.

"ऐकलंस ना सुलभा," कुंदाताई म्हणाल्या आणि शिट्टी मारून निघाल्या.

मी प्लॅटफॉर्मवर बसून राहिले. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्यात नवीन काही नव्हतं. या वेळी फक्त ते सरकारी झालं होतं.

पहिल्या दोन दिवसांत माझा राग निवळला, कारण पॅसेंजर होण्यात काय आहे ते मला कळलं. पॅसेंजरला प्रत्येक स्टेशनावर थांबावं लागतं आणि जो येईल त्याला घ्यावं लागतं. कुंदाताईंच्या कॅरिअरवर एक माणूस बसायचा, बाकीचे सायकलला बांधलेला दोर धरून मागे उभ्याने यायचे. उभ्याने म्हणजे चालत. एका स्टेशनावर एक मास्तरीण चढली, एक म्हातारबा व्याह्यांकडे निघाले होते ते चढले, आणि एक बाई दोन कोंबड्या घेऊन आली. कोंबड्यांना पुढच्या बास्केटमध्ये जागा मिळाली. गाडी हळू चालते म्हणून म्हातारबांनी तक्रार केली. कुंदाताईंनी आयुष्यात कोणाची तक्रार ऐकून घेतलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ऐकून घेतली आणि "पुढे वेळ भरून काढू" असं उत्तरही दिलं.

मला कोणी हात दाखवत नव्हतं. मी एकटी, माझ्या चालीने, दुतर्फा तुरीची शेतं बघत यायची. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पाह्य वं, मालगाडी चालली." एकीने मला वाटेत तुरीच्या शेंगांचं गाठोडं दिलं, पुढच्या गावी तिच्या बहिणीला द्यायला. मी ते पोचवलं. बहिणीने सही करू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं.

सावरपाटच्या बाहेर मात्र मी बराच वेळ अडकले. सिग्नलचा खांब तिथे अजून उभा आहे. त्याचा हात खाली पडला तरच आत जायचं. पण त्या हातावर होला पक्ष्यांच्या जोडीने घरटं केलेलं होतं आणि घरट्यात अंडी होती. खाली बसलेला सिग्नलवाला म्हणाला, "मादी उठल्याशिवाय हात पाडता येत नाही. अंडी पडतील."

"ती कधी उठते?"

"नर आला का उठते. मंग दोघांची बदली होते. तेवढ्यात मी हात पाडून पुन्हा वर करतो."

आम्ही दोघांनी लाडू खाल्ले. नर आला, मादी उठली, हात हलकेच खाली आला, मी आत गेले. अंडी शाबूत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आंबेटाकळीला पोचले तर कुंदाताई स्टेशनातच होत्या. त्यांच्या मागचे सगळे प्रवासी उतरून गेले होते. त्या बाकावर बसून शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत होत्या. हे चांगलं लक्षण नव्हतं.

"पुढे सोडत नाहीत," त्या म्हणाल्या.

आंबेटाकळीचे मास्तर भास्करराव पुसदकर. पांढरा गणवेश, कडक इस्त्री, डोक्यावर टोपी. वय सत्तरीच्या घरात असावं. निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलेलं होतं.

"पुढची लाइन क्लिअर नाही," ते म्हणाले. "मोरडोहपर्यंत गाडी उभी आहे."

मी पुढे पाहिलं. मुरमाची वाट सरळ गेलेली होती. तिच्यावर तीन शेळ्या होत्या.

"कुठली गाडी?"

"शेवटची. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः हिरवी झेंडी दाखवून सोडली. मोरडोहला पोचल्यावर तिथल्या गोवर्धनमास्तरांचा फोन आला. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. 'गाडी आली. मागचा डबा आला नाही.' त्याच संध्याकाळी तारा काढल्या आणि फोन बंद झाला. आता मला सांगा, गाडीचा मागचा डबा पोचला नाही म्हणजे तो वाटेत कुठंतरी सुटून उभा आहे. वाटेत डबा असताना मी दुसरी गाडी कशी सोडणार?"

"पण वाटेत काही दिसत नाहीये."

"न दिसणारा डबा जास्त धोक्याचा," भास्करराव म्हणाले. "पोलीस पाटील दोनदा शोधून आले. सापडला नाही. सापडला नाही म्हणजे पोचला असं होत नाही."

बाहेरच्या डांबरी रस्त्याने मोरडोहला जाता येतं, पण मग कुंदाताई गाडी राहिल्या नसत्या, आणि तीन दिवसांत त्यांना गाडी असण्याची सवय झाली होती.

तेवढ्यात एस.टी. आली आणि तिच्यातून एक म्हातारी आणि एक मुलगी उतरली. म्हातारी म्हणजे भास्कररावांच्या पत्नी, यशोदाबाई. त्या मोरडोहला मुलाकडे राहतात आणि नवऱ्याला जेवण घेऊन येतात. लाइन क्लिअर होईपर्यंत भास्कररावांना ड्यूटी सोडता येत नाही, त्यामुळे घरी जाता येत नाही. मुलगी त्यांची नात, तिसरीतली. तिने येऊन आमच्या सायकली नीट पाहिल्या. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमचं नाव काय?"

"सुलभा."

"रोज वापरता?"

"म्हणजे?"

"मले नाव नाही," ती म्हणाली.

तिच्याकडून आणि यशोदाबाईंकडून सगळं कळलं. ती जन्मली तेव्हा भास्करराव म्हणाले होते, बारशाला मी येतो, माझ्याशिवाय नाव ठेवू नका, दोन दिवसांत लाइन क्लिअर होते. मुलाने शब्द दिला. पाळणा सजला, बाया जमल्या, भास्कररावांना निघता आलं नाही. पुढच्या वर्षी वाढदिवसाला पुन्हा पाळणा सजला. दर वर्षी सजतो. शाळेत तिचं नाव 'बाळ पुसदकर' असं लावलेलं आहे. हजेरीला बाळ म्हटलं की ती 'हजर' म्हणते आणि वर्ग हसतो.

"यंदा उद्या आहे बारसं," यशोदाबाई म्हणाल्या. "आन उद्या नाई झालं तर हेडमास्तर सोताच नाव ठेवणार हायत. त्यायनं सांगून ठेवलं, सोमवारपासून नुसतं बाळ चालणार नाही."

"मग ठेवू दे की त्यांना," कुंदाताई म्हणाल्या. "शिकलेला माणूस आहे."

"त्यांच्याकडे तीन म्हशी आहेत," मुलगी म्हणाली. "तिघींचं नाव चंद्रकोर आहे."

भास्करराव टोपी काढून तिच्यावरची नसलेली धूळ झटकत होते. मला त्या माणसाचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. त्यांना नातीपेक्षा नियम मोठा वाटत होता असं नाही. उद्या खरंच कोणी त्या वाटेवर डब्यावर जाऊन आदळलं असतं तर, एवढीच त्यांना भीती होती.

संध्याकाळच्या एस.टी.ने मुलगी परत गेली. तिच्या आईने तिला न्हाऊ घालायला लवकर बोलावलं होतं. यशोदाबाई मागे राहिल्या आणि त्यांनी प्लॅटफॉर्मवरच पानं वाढली. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. भरीत असं होतं की मी तिसऱ्यांदा घेतलं.

"गोवर्धनभाऊले पण हेच लई आवडे," यशोदाबाई म्हणाल्या. "मोरडोहले तवा खानावळ नव्हती. मीच इथून त्यायचा डबा धाडो, रोजच्या गाडीत, मागं गार्डापाशी. शेवटच्या दिवशी मातर इसरली बाई. गर्दी अशी होती का बस. हार काय, बँड काय. गाडी गेली आन डबा आपला खिडकीत तसाच."

माझा घास हातात राहिला. मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच पाहत होत्या.

"यशोदाबाई," मी म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी गोवर्धनमास्तरांना जेवणाचा डबा मिळाला नाही?"

"कुठून मिळन?"

"आणि त्यांनी फोन करून सांगितलं, मागचा डबा आला नाही."

भास्कररावांनी पाण्याचा पेला उचलला, अर्धा रिकामा केला आणि खाली ठेवला.

"शक्य आहे," ते म्हणाले.

"मग झालं तर!" कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. "वाटेत काहीच नाही. लाइन क्लिअर आहे. चला."

"बसा," भास्करराव म्हणाले. "क्लिअर नाही. डबा आला नाही हे गोवर्धनमास्तरांनी कळवलं, ते खरंच होतं. फक्त तो वाटेत सुटलाय असं मी धरून चाललो, ती माझी चूक झाली. तो वाटेत नाही. तो इथून निघालाच नाही. म्हणजे शेवटची गाडी अजून पुरती सुटलेली नाही." ते बोलता बोलता थांबले आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पण जी सुटली नाही ती सोडता येते."

"मग मी नेते डबा," कुंदाताई म्हणाल्या.

"तुम्ही पॅसेंजर. तुम्हाला सामान नेता येत नाही." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या नेतील. आणि आधी या जातील. हा शेवटच्या गाडीचा डबा आहे, आणि ती गाडी आजच्या सगळ्या गाड्यांच्या आधीची आहे. पॅसेंजरने थांबायचं."

कुंदाताई पुन्हा पानावर बसल्या. मी पुन्हा थोडं भरीत घेतलं.

सकाळी यशोदाबाईंनी चुलीवर वांगी भाजली. डबा चार खणांचा, पितळी कडीचा, तोच जुना. तो माझ्या कॅरिअरवर उभा बांधला आणि त्याच्या मागे भास्कररावांनी लाल दिवा अडकवला. गाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो. तो दिसला की समोरच्या मास्तरला कळतं की गाडी पूर्ण आली, मागे काही सुटलं नाही.

"दिव्याच्या मागं काही येऊ देऊ नका," भास्करराव म्हणाले. "काहीही. दिव्याच्या मागं दुसरं काही असलं तर तेच शेवटचं ठरतं, आणि त्याला दिवा नसतो."

कुंदाताई माझी टायरं दाबून बघत होत्या. "सुलभा, डबा आडवा करू नकोस. उतारावर ब्रेक हळू लाव. आणि मध्ये कुठे चित्र काढत बसू नकोस."

"नाही, वन्सं."

"आणि नीट जा," त्या म्हणाल्या. हे मात्र त्या हळू आवाजात म्हणाल्या. भास्कररावांनी हिरवी झेंडी वर केली.

मी निघाले. पुढे कोणी नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच पुढे कोणी नव्हतं. धुकं वर उचललं जात होतं, तुरीवर दव होतं आणि वाट अगदी मोकळी, माझ्यासाठीच केल्यासारखी. मला फार मजा वाटली, मी मोठ्याने गाणंही म्हटलं. थोड्या वेळाने मात्र मी दोनदा मागे वळून पाहिलं, कुंदाताई दिसतात का म्हणून. त्या दिसण्याचं काही कारण नव्हतं. मग गाणं बंद करून मी नीट चालवू लागले.

फाटकावर एका बाईने माझ्यासाठी दोन्ही बाजूंचा रस्ता अडवून धरला होता. एक ट्रॅक्टर आणि एक एस.टी. उभी होती. ड्रायव्हर खिडकीतून बघत म्हणाला, "ही कोणती?"

"शेवटची," फाटकवाली म्हणाली.

"उशीर झाला तिले."

फाटक ओलांडल्यावर ओढ्याच्या पुलावर माझ्या लक्षात आलं की मागे कोणीतरी आहे. एक कुत्रा होता. तांबडा, एक कान पडलेला. भरताचा वास घेत, दिव्याच्या बरोबर मागे, शांतपणे धावत येत होता. मी थांबले, तो थांबला. मी निघाले, तो निघाला. मी हाकललं तर त्याने शेपटी हलवली.

हा असाच मोरडोहला आला तर गोवर्धनमास्तरांना शेवटी कुत्रा दिसणार आणि त्याला दिवा नाही. पुन्हा गाडी अपुरी. पुन्हा पुढची अकरा वर्षं, आणि ती मुलगी सोमवारी चंद्रकोर होणार. डब्यातली भाकरी त्याला देणं शक्य नव्हतं, मग डबाच अपुरा झाला असता. कुत्र्याच्या पाठीला दिवा बांधावा असाही विचार मी केला. पण तो वाटेतच वळून गेला असता तर गाडी कुठे संपली हे कोणी सांगितलं असतं?

शेवटी मी लाडवांचा डबा उघडला. कुत्र्याने पहिला लाडू खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्यानंतर तो पुलाच्या कठड्याला टेकून बसला आणि डोळे मिटले. कुंदाताई माझ्या लाडवांना जड म्हणतात, ते पहिल्यांदाच कामाला आलं. मी सायकल पुलावरून हातात धरून नेली आणि पलीकडे गेल्यावरच तिच्यावर बसले.

मोरडोहच्या प्लॅटफॉर्मवर गोवर्धनमास्तर टेबलाशी बसले होते. समोर ताट, ताटाशेजारी पाण्याचा तांब्या, मांडीवर नॅपकिन. मी थांबले तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठून आधी ते माझ्या मागे गेले, वाकून लाल दिवा पाहिला, मग त्या दिव्याच्या मागची वाट पाहिली. वाट रिकामी होती.

"आला," ते म्हणाले.

ते आत गेले. भिंतीवर जुना फोन होता, त्याची कापलेली वायर खिडकीला बांधून तिच्यावर बनियन वाळत घातलेलं होतं. त्यांनी हँडल फिरवलं आणि रिसीव्हर कानाला लावला. "आंबेटाकळी? मोरडोह बोलतोय. मागचा डबा आला. गाडी पूर्ण. लाइन क्लिअर."

रिसीव्हरमधून भास्कररावांचा आवाज आला. दूरवरून, पण स्वच्छ. "मागचा डबा आला. गाडी पूर्ण. लाइन क्लिअर घेतली." मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"अहो, फोन चालू होता तर तुम्ही इतकी वर्षं केला का नाही?" मी विचारलं.

"कळवण्यासारखं काही नव्हतं," गोवर्धनमास्तर म्हणाले. "डबा आलाच नव्हता."

"पण त्यांना वाटलं, गाडीचा डबा."

"आणखी कोणता? गाडीतूनच यायचा."

मी विषय सोडून दिला. त्यांनी डबा उघडला, भरीत ताटात घेतलं, भाकरी मोडली. त्यानंतरची सगळी जेवणं ते घेतच होते. त्या दिवसाचं दुपारचं तेवढं राहिलं होतं. "वहिनींचा हात तिखटाला जरा हलका झालाय," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. ते तिखटामुळे असावं.

ऊन चढेपर्यंत सगळं गाव प्लॅटफॉर्मवर जमलं. छपराच्या वाशाला पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा, रंगीत कागद. मुलगी नव्या परकर-पोलक्यात वाटेकडे तोंड करून उभी होती. मग लांबून शिट्टी ऐकू आली. माझ्या ओळखीची शिट्टी.

डाउन पॅसेंजर स्टेशनात शिरली. कुंदाताई घामाघूम झालेल्या, आणि मागे कॅरिअरवर भास्करराव, पाठ ताठ, टोपी छातीशी धरलेली. आंबेटाकळीत यशोदाबाई बसल्या होत्या. मी पोरीले रोज पाहते, त्या म्हणाल्या होत्या, आज तुमी जा, मले लाल-हिरवं दोन्ही समजते.

भास्करराव उतरले. नातीसमोर उभे राहिले.

"उशीर केला आबा," ती म्हणाली.

"लाइन क्लिअर नव्हती."

"आता झाली?"

"झाली."

"बरं," ती म्हणाली आणि पाळण्यात जाऊन बसली. पाय बाहेर राहिले. एका बाजूने भास्कररावांनी ते धरले, दुसऱ्या बाजूने तिच्या वडिलांनी.

आता अडचण आली आत्याची. नाव आत्याने ठेवायचं असतं, आणि भास्कररावांना मुलगी नाही. इतक्या वर्षांत बारसं इथवर कधी आलंच नव्हतं, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी कुंदाताईंकडे.

"मी कशी?" कुंदाताई म्हणाल्या. "मी गाडी आहे."

"पोचल्या ना," एक बाई म्हणाली. "पोचल्यावर काय गाडी? ह्या तुमच्या भावजय ना? मंग तुमी कोणाच्या तरी आत्या असानच."

हे खरं होतं. माझ्या दोन्ही मुलांची नावं त्यांनीच ठेवली आहेत, मला न विचारता. त्या पाळण्याशी गेल्या, वाकल्या, मुलीच्या कानाला तोंड लावलं. जमलेल्या बायांनी 'कुर्रर्र' केलं, आणि त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारायला सगळ्याजणी पुढे सरसावल्या. आत्याला मारायचा रिवाजच आहे. सगळ्यांत पुढे मी होते. मी बावीस वर्षांच्या सगळ्या बुक्क्या मारल्या, हळदीकुंकवाच्या, फोटोंच्या, बेलखेडच्या प्लॅटफॉर्मवरच्या.

"अगं सुलभा, पुरे," कुंदाताई वाकल्या वाकल्या म्हणाल्या. त्या हसत होत्या. मग त्यांनी पाठ सरळ केली. "रस्ताभर मास्तर एकच शब्द म्हणत होते. पूर्ण आली, गाडी पूर्ण आली. मला दुसरं काही सुचलंच नाही. पूर्णा."

मुलीने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते, भास्करराव सगळ्यांत जास्त.

"म्हशीचं नाही ना कोणाच्या?" तिने विचारलं.

"नदीचं आहे," तिचा बाप म्हणाला.

"चालते."

गोवर्धनमास्तरांनी हँडल फिरवलं आणि रिसीव्हर पुढे केला. मुलगी पाळण्यातून उतरून आली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"आजी, मी पूर्णा बोलून राहिली."

पलीकडे यशोदाबाईंना ते अगदी स्पष्ट ऐकू गेलं असणार, कारण इकडे सगळं स्टेशन गप्प होतं. तरी त्यांनी विचारलं, "कोण वं?"

"पूर्णा," मुलगी पुन्हा म्हणाली.